सवतीमत्सर आणि संशय: एका भावनेची दोन नावं

जोडीदारावरून होणाऱ्या जळफळाटाला मराठीत जुना शब्द आहे, सवतीमत्सर. शब्दातच बाई दिसते. पुरुषाच्या त्याच भावनेला आपण संशय म्हणत आलो आणि तो त्याचा हक्क मानत आलो.

मराठवाड्यात या गोष्टीची मुळं पैठणपर्यंत जातात. सातवाहनांची ही राजधानी. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती' या काव्यसंग्रहात रुसलेल्या बायका वारंवार भेटतात. पुढे दहाव्या शतकातल्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथाने असा रुसवा काढण्याचे सहा उपाय नोंदवले: साम, भेद, दान, नति, उपेक्षा, रसांतर. म्हणजे गोड बोलणं, तिच्या सख्यांना आपल्याकडे वळवणं, दागिना देणं, पाया पडणं, दुर्लक्ष करणं, नाहीतर एकाएकी भीती किंवा आनंद दाखवून तिचं मन दुसरीकडे नेणं. सहाही उपाय समजूत काढण्याचे. आपलं वागणं बदलावं, हे त्यात कुठेच नाही, आणि मला तेच खटकतं.

बायकांनी आपला उपाय जात्यावर शोधला. गंगाखेडच्या जनाबाईला विठ्ठल दळू लागतो, ही कथा घरोघरची. ओव्यांतली रुक्मिणी त्यावरून विठ्ठलाला जाब विचारते, रुसून बसते. स्वतःच्या सवतीबद्दल सासरी तोंड उघडणं कठीण. रुक्मिणीच्या तोंडून मात्र सगळं बोलता येई, आणि जात्याला हात लावणारी जाऊ ते ऐकून घेई. गावात पिठाची गिरणी आली आणि ही जागा गेली.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरी बायको करणं बंद केलं. भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ मात्र राहिलं: व्यभिचाराची फिर्याद नवऱ्याची, बायकोला तो अधिकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८मध्ये रद्द केलं. त्याआधी २००५च्या कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही कौटुंबिक हिंसाचारात धरला होता.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. पण तो पुण्याला कंपनीत आणि ती गावी असली की संशयाला एक फोन पुरतो. कॉल बिझी का लागला? रात्री बारा वाजता ऑनलाइन कुणासाठी होतीस? "तुझा फोन लागला नाही की माझा जीव घाबरा होतो," एवढं म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या वाट्याला ना जातं आलं, ना ओवी.