आंबील का टिकते, गुळाचा चहा का फाटतो

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं सकाळी सकाळी ज्वारीचं पीठ आणि ताक यांच्या आंबिलीचं मडकं शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, मग भज्जी, उंडे, खीर अशी पंगत बसते. दुपार टळून गेली तरी मडक्यातली आंबील पिण्याजोगी असते. तेच पीठ नुसत्या पाण्यात शिजवून इतका वेळ कोमट ठेवलं, तर ते पोटात घालायला धजू नये. फरक पडतो तो ताकातल्या आम्लामुळं. मराठवाड्याच्या घरात वर्षभर जी पेयं होतात, त्यातल्या बहुतेकांचं जमणं-बिघडणं या आम्लावरच ठरतं. कुठं ते राखण करतं, कुठं दूध फाडून ठेवतं.

आंबटपणा मोजायला पीएच नावाचं माप आहे. साध्या पाण्याचा पीएच 7 च्या आसपास. आकडा 1 ने उतरला की आम्लता दहापट वाढली. ताजं दूध साधारण 6.7 वर असतं, दही-ताक 4 ते 4.6 वर. एवढ्या आम्लात पोट बिघडवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंची वाढ थांबते. दुधातलं केसीन हे प्रथिनही 4.6 च्या जवळ आलं की विरघळलेलं राहत नाही, एकमेकाला धरून बसतं. दही लागणं म्हणजे हेच. थंडपणे, सावकाश झालं तर दही. उकळत्यात, घाईनं झालं तर फाटलेलं दूध.

चौघांच्या आंबिलीला ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम पुरतं, म्हणजे अर्धी वाटी आणि वर चिमूटभर. पाणी पाऊण लिटर, आंबट ताक अर्धा लिटर, मीठ एक सपाट चमचा. लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा चमचा जिरं एकत्र ठेचून घ्यायचं. कोथिंबीर वरून.

पीठ आधी 150 मिली गार पाण्यात कालवायचं. उरलेलं पाणी उकळलं की हे कालवण धार धरून ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी होतात, कारण बाहेरच्या थरातला स्टार्च क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचू देत नाही. झालेली गाठ नंतर कितीही घोटली तरी मध्ये पांढरं पीठ राहतंच. ज्वारीचा स्टार्च फुगायला गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते, साधारण 68 ते 78 अंश. म्हणून कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद, असं चालत नाही. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं खरोखर खदखदू द्यायचं. कच्ची राहिलेली आंबील जिभेला खडूसारखी लागते आणि थोड्या वेळात तळाशी पीठ, वर पाणी अशी फुटते.

ताक कधी घालायचं, हा यातला सगळ्यात मोठा प्रश्न. गरम असतानाच घातलं तर केसीनचे कण आक्रसतात, पाणी सोडतात आणि आंबील रवाळ होते. शिवाय ताकातले आंबवणारे जिवाणू मरतात, म्हणजे रात्रभर ठेवूनही ती पुढं आंबत नाही. उलट, शिजवलेलं पीठ झाकून ठेवून दिलं आणि ताक सकाळी घातलं, तर ते धोक्याचं. पिठात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि उकळण्यानं ते मरत नाहीत. बिनआंबट, कोमट, ओलसर पीठ म्हणजे त्यांना आयती जागा. तेव्हा पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहायचं, दोन तासांच्या आत बोट सुखानं बुडवता येईल इतकं कोमट करायचं आणि लगेच ताक घालायचं. ताक चांगलं आंबट असावं. गोडसर ताकाची आंबील गोडसरच राहते आणि टिकतही नाही. हिवाळ्यात आठ-दहा तास मुरू द्यावी, मेमध्ये चार तास पुष्कळ झाले.

गार झाल्यावर आंबील दाट होते. फुगलेल्या स्टार्चच्या लांब साखळ्या थंडीत पुन्हा एकमेकींना चिकटतात, म्हणून गरम असताना हवी त्यापेक्षा पातळच उतरवायची. सकाळी दाट वाटली तर गार पाणी नव्हे, पातळ ताक घालावं. पाण्यानं आम्लता उतरते.

काही घरांत दुसरी रीत असते. कच्चं पीठ रात्री ताकात भिजवायचं आणि सकाळी पाणी घालून, सतत ढवळत शिजवायचं. पिठामुळं ताक फाटत नाही, पण ढवळणं थांबलं की तळ धरतो. चवीत पहिली रीत सरस, हे खरं. पोषणात मात्र दुसरीचं पारडं जड आहे. धान्यात फायटेट असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. कच्च्या पिठातलं फायटेज हे विकर (एन्झाइम) आंबट ओलाव्यात ते फायटेट तोडतं. पीठ आधीच शिजवलं तर विकर मरतं आणि हे काम होत नाही. ज्वारीच्या प्रथिनांचाही असाच स्वभाव आहे: शिजवल्यावर ती एकमेकात घट्ट गुंततात आणि पचायला जड जातात. आधी आंबवलं की हा त्रास कमी होतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सहभागातून 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह-जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण आलं. पण दाण्यात लोह असणं वेगळं आणि ते अंगी लागणं वेगळं. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर रात्री ताकात भिजवलेल्या पिठाचीच आंबील करावी.

उन्हाळ्यात पारा 42 च्या वर गेला की ताकाचं सगळं वेळापत्रक बदलतं. दही लावणाऱ्या जिवाणूंना 40 ते 43 अंश फार मानवतात, म्हणजे मेमधलं घरच त्यांना पोषक. हिवाळ्यात लिटरभर दुधाला दोन चमचे विरजण लागत असेल तर मेमध्ये अर्धा चमचा बास. रात्री दहाला लावलं तर पहाटे बघावं, लागलं असेल तर लगेच फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवावं. दुपारपर्यंत बाहेर राहिलेलं दही पाणी सोडतं आणि दात आंबवतं. विरजण लावण्याआधी दूध नीट उकळून थोडं आटवलं तर दही घट्ट लागतं, कारण उष्णतेनं दुधातली बाकीची प्रथिनं केसीनला जाऊन चिकटतात आणि जाळं दाट होतं.

लोणी येत नाही ही तक्रारही याच दिवसांतली. लोणी यायला स्निग्धांश अर्धा घट्ट, अर्धा मऊ लागतो. बारा ते अठरा अंशांच्या आसपास तो तसा असतो. मेच्या दुपारी तो तेलच झालेला असतो, मग रवी कितीही फिरवा. घुसळणं पहाटे करावं आणि दह्यात माठातलं किंवा बर्फाचं पाणी घालावं.

प्यायच्या ताकाला एक भाग दही, तीन-चार भाग पाणी. लिटरला अर्धा चमचा मीठ, म्हणजे साधारण 3 ग्रॅम, आणि भाजलेली जिरेपूड. मीठ फक्त चवीचं नाही. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागं पाणी ओढलं जातं. ताकातली दुग्धशर्करा पचली की त्यातून थोडं ग्लुकोज मिळतं, आंबिलीतल्या स्टार्चमधून जास्त. रानातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला गटागटा गार पाण्यापेक्षा खारट आंबील बरी वाटते, त्यामागं हे आहे. जुलाब लागले असतील तर मात्र ओआरएसचं पाकीटच वापरावं, त्यात ही प्रमाणं मोजून घातलेली असतात. ऊन लागून माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न ओतता अंग ओलं करून, वारा घालून दवाखाना गाठावा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

माठाचं पाणी मराठवाड्यात जितकं गार होतं तितकं कोकणात होत नाही. हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर पाझरणारं पाणी उडता उडता माठाला 24 अंशांच्या आसपास उतरवू शकतं. किनाऱ्यावर 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत माठ 29 च्या खाली उतरू शकत नाही. प्रत्यक्षात पाणी त्याहून दोन-चार अंश वरच राहतं. माठ सावलीत पण वाऱ्यावर, तिवईवर ठेवायचा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार भिंतीच्या छिद्रांत साचले की पाझर थांबतो आणि जुना माठ नुसता हंडा होतो. काथ्यानं बाहेरून घासून काही दिवस निभतं, मग नवा आणावा.

पन्ह्याला कोय नुकती धरू लागलेली, करकरीत कैरी घ्यावी. उकडून निघालेला गर एक वाटी, तर किसलेला गूळ दीड ते दोन वाट्या, अर्धा चमचा मीठ, वेलदोडा. गर सालीला खरवडून शेवटचा कण काढायचा मोह आवरावा, साल आणि चीक आला की कडू-तुरट चव येते. गर गरम असतानाच गूळ कालवला तर तो विरघळतो, पण भांडं बघून. कैरी आणि चिंच या दोन्हींचा पीएच 3 च्या घरातला, दह्याहून कितीतरी आंबट. तांब्या-पितळेचं बिनकल्हईचं भांडं यात उतरतं, ॲल्युमिनियमही. ताकालाही हाच नियम. स्टील, काच, चिनीमाती किंवा मडकं वापरावं. चिंचवणीला फक्त एक गोष्ट सांगण्यासारखी: पिकल्यावर कैरीचं आम्ल कमी होतं, चिंचेतलं टार्टारिक आम्ल मात्र तसंच राहतं. म्हणून जुन्या चिंचेलाही गूळ तेवढाच लागतो.

पावसाळ्यात ताक चुलीवर चढतं आणि कढी फुटायला लागते. लिटरभर आंबट, पातळ ताकाला तीन चमचे बेसन. गार ताकातच बेसन घुसळून मग मंद आचेवर ठेवायचं आणि पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. फुगलेला स्टार्च केसीनच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकत्र येऊ देत नाही, पण तो फुगेपर्यंतची ती पाच-सात मिनिटं नाजूक असतात. एकदा एकजीव झाली की कढी मग उकळली तरी फाटत नाही. मीठ शेवटी.

याच दिवसांत सर्दी-पडशाला माडगं. हुलगे मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून दळून आणलेलं पीठ तीन चमचे, पाणी अडीच कप, गूळ दोन चमचे, सुंठ पाव चमचा, मीठ चिमूटभर, वरून तूप. पीठ गार पाण्यात कालवून सात-आठ मिनिटं शिजवायचं. भाजण्यात कसूर करू नये. कच्च्या हुलग्यात प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं कमी होतात आणि कच्चट वासही जातो. अर्धवट भाजलेल्या पिठाचं माडगं पोटात गुबारा धरतं. आवडीनं दूध घालणाऱ्यांनी ते गॅस बंद करून, थोडं निवल्यावर घालावं.

थंडीत सुंठ आल्यापेक्षा तिखट का लागते? आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते अधिक झणझणीत असतं. म्हणून आल्याच्या जागी सुंठ घालताना माप निम्म्याहून खाली आणावं. हळदीच्या दुधाबद्दल मात्र बोलबाला जरा जास्तच झाला आहे. ज्या घटकासाठी हळदीला नावाजतात ते कुर्क्युमिन हळदीत असतं तेच शेकडा तीनच्या आसपास, आणि शरीर त्यातलं फार थोडं शोषतं. मिरीनं शोषण वीसपट वाढल्याचा 1998 चा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण त्यात कुर्क्युमिनची मात्रा 2 ग्रॅम होती. पेल्यात पडतं ते जेमतेम 40-50 मिलिग्रॅम. गरम दूध म्हणून घसा शेकायला जरूर प्यावं, औषध म्हणून नाही.

गुळाचा चहा फाटतो तो दोन-तीन गोष्टी एकदम जुळून आल्यामुळं. गूळ थोडा आम्लधर्मी असतो आणि त्यात कॅल्शियमसारखे क्षार असतात. उकळत्या दुधाला फाटायला पीएच 4.6 पर्यंत उतरावंही लागत नाही, 6 च्या आसपासच काम होतं. त्यात आलं कच्चं ठेचून थेट दुधात टाकलं तर त्यातलं प्रथिन तोडणारं विकर केसीनवर तुटून पडतं. तेव्हा दोन कपांना दीड कप पाणी, चहापत्ती, आलं आणि दोन चमचे गूळ असं आधी तीन-चार मिनिटं उकळून घ्यायचं. आल्याचं विकर या उकळीतच निकामी होतं. मग गाळायचं. अर्धा कप दूध वेगळं तापवून, दोन्ही आचेवरून उतरवल्यावर, कोऱ्या चहात दूध असं ओतायचं आणि पुन्हा उकळायचं नाही. गूळ नवा बदलून आणला की पहिल्या दिवशी थोड्याच दुधावर करून बघावं, गुऱ्हाळागणिक आम्लता बदलते. एवढं करूनही फाटत असेल तर दोष दुधाकडं असतो: सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेलं, नाकाला अजून आंबूस न लागणारं, पण 6.4 पर्यंत उतरलेलं. पळीभर दूध गॅसवर उकळून बघावं. कडेला कण दिसले तर त्या दिवशी कोराच चहा करावा, आणि त्यात लिंबू पिळलं तरी बिघडत नाही.