काळी जमीन, फुगलेले दार आणि अडलेला डेडबोल्ट

विदर्भातल्या खेड्यांत पक्क्या घराच्या पुढच्या दाराला, आणि कापूस किंवा खत-बियाणे ठेवण्याच्या खोलीलाही, कडी-कोयंड्याच्या जोडीला आता डेडबोल्ट बसवलेला दिसतो. डेडबोल्ट म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर नव्हे, तर केवळ चावीने किंवा आतल्या खुंटीने पुढे-मागे सरकणारा पोलादी दांडा. तो साधारण 25 मिलिमीटर बाहेर येतो आणि चौकटीवरच्या पट्टीच्या छिद्रातून पलीकडच्या खाचेत शिरतो. स्प्रिंग नसल्यामुळे फटीतून पातळ पट्टी घालून तो मागे ढकलता येत नाही, हा त्याचा गुण. पण त्याच गुणामुळे तो एकदा अडला की नुसत्या धक्क्याने सुटतही नाही. मृगाचा पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की असे कुलूप काढण्याची वेळ अनेक घरांवर येते आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात चावीवर जोर लावण्यापासून होते. चावी पिळली जाते किंवा आतच तुटते, आणि साधा दोष अवघड होऊन बसतो. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी दांड्याला नेमके कोण दाबून धरत आहे, हे शोधले पाहिजे.

दार कसेबसे उघडले असेल, तर उघड्या दारातच चावी फिरवून पाहावी. दांडा उघड्या दारात सहज सरकत असेल आणि दार लावल्यावरच अडत असेल, तर कुलूप निर्दोष आहे. दोष दाराचा, चौकटीचा किंवा थेट घराखालच्या जमिनीचा आहे.

जमिनीचा दोष ऐकायला दूरचा वाटतो, पण पश्चिम विदर्भात तो अगदी जवळचा आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिचे कण एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारते. त्यामुळे पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल, तर घराचा एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा तिथेच राहतो आणि चौकटीचा काटकोन मोडतो. चौकट दोन मिलिमीटर तिरपी झाली, तरी दांडा छिद्राच्या मध्यावर न जाता पट्टीच्या कडेवर टेकतो.

लाकडाचा वाटाही लहान नाही. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे सतत कमी-जास्त होते. मे महिन्याच्या दुपारी, पारा 45 अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी असताना, त्यातला ओलावा वजनाच्या चार-पाच टक्क्यांकडे उतरू लागतो. श्रावणातल्या झडीत तो पंधरा टक्क्यांकडे जातो. सागवान हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड, तरीही एवढ्या फरकाने 20 सेंटिमीटर रुंदीची फळी 2 ते 3 मिलिमीटर रुंदावू शकते. आंब्याच्या किंवा बाभळीच्या नीट न वाळवलेल्या लाकडाचा तर भरवसाच नसतो.

आता घर्षणाचा एक जुना नियम पाहू. गिओम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 मध्ये मांडले, की घर्षण हे दोन पृष्ठभागांवर पडणाऱ्या दाबाच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. तेल घातल्याने घर्षण काही पटींनी कमी होते. दाबच काढून घेतला, तर ते जवळजवळ उरतच नाही. म्हणून दार बंद अवस्थेत अडले असेल, तर एकाने सब्बलीचे टोक दाराखाली घालून दार अलगद उचलावे किंवा दार चौकटीकडे दाबून अथवा ओढून धरावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने चावी हलक्या हाताने फिरवावी. कोणत्या दिशेला दार नेल्यावर चावी मोकळी होते, यावरून दांडा पट्टीच्या कोणत्या कडेवर अडतो आहे हेही कळते.

उघड्या दारातही चावी फिरत नसेल, तर मात्र दोष चावीच्या पितळी गोल भागात, म्हणजे सिलिंडरमध्ये असतो. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकी माणसाने 1861 आणि 1865 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेवरच आजची बहुतेक सिलिंडर कुलपे चालतात: बारीक स्प्रिंगांवर बसलेल्या पितळी खिळ्या चावीच्या दात्यांमुळे ठरावीक उंचीला आल्या, तरच आतला गाभा फिरतो. खिळी आणि तिचे भोक यांच्यातली फट केसाएवढीच असते. भावाची वाट पाहत घरात कापूस साठवला असेल, तर त्याचे तंतू आणि धूळ याच फटीत जाऊन बसतात. त्यावर घरातले जवसाचे तेल सोडण्याची चूक हमखास होते. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होणारे तेल आहे. रंगकामात त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. कुलपात ते काही आठवड्यांत चिकट राळेसारखे होते आणि तंतूंना जागीच बांधून टाकते. त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला चोळून ती आत-बाहेर करावी. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कोरडे असल्यामुळे धूळ धरून ठेवत नाहीत.

गोठ्याला लागून असलेल्या दारांबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया हे त्याचे कारण असल्याचे 1921 मध्ये स्पष्ट झाले. आतून ताण असलेल्या पितळाला दमट हवेतला अमोनिया चिरा पाडतो. गोठ्याच्या किंवा ओल धरलेल्या युरियाच्या पोत्यांच्या शेजारी असलेल्या कुलपाच्या पितळी भागावर बारीक चिरा दिसल्या, तर ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, बदलावे.

कुलूप काढताना आतल्या बाजूचे दोन लांब स्क्रू आधी सोडवायचे असतात. तेच दाराच्या जाडीतून जाऊन बाहेरचा सिलिंडर धरून ठेवतात. ते गंजलेले असतील, तर लक्षात ठेवावे की गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. रॉकेल किंवा डिझेलचे थेंब बारीक फटींतून आपोआप आत ओढले जातात, पण त्याला वेळ लागतो. रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पेचकस खाचेत घट्ट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीने दोन-चार हलके ठोके द्यावेत, कारण गंज ठिसूळ असतो आणि हादऱ्याने त्याचा भुगा होतो. मग स्क्रू आधी किंचित आवळावा आणि नंतर सोडवावा. प्लस खाचेच्या स्क्रूतून पेचकस वर निसटू पाहतो, म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्याला अधिक जोर द्यावा. तापलेले सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर धरल्यास प्रसरण आणि आकुंचनाने गंजाची पकड सुटते. मात्र रॉकेल घातलेल्या जागी हा उपाय कदापि करू नये.

यानंतर दाराच्या कडेवरच्या पट्टीचे दोन स्क्रू काढून दांड्याचा डबा बाहेर ओढायचा असतो. बहुतेक वेळा तो खरा हट्ट इथे करतो. ऑइल पेंटचे थर पट्टीच्या कडेने धारदार चाकूने कापून घ्यावेत. नंतर सिलिंडरच्या रिकाम्या भोकातून पेचकस डब्याच्या मधल्या छिद्रात आडवा घालावा आणि दोन्ही टोके धरून कडेच्या दिशेने ओढावा किंवा हातोडीने हळूहळू ठोकावा. ओल्या लाकडाने डब्याला आवळले असेल, तर तिथे तेलाचा उपयोग नाही; दोन-तीन उघाडीचे दिवस दार उन्हात उघडे ठेवले, की लाकूड स्वतःच पकड सैल करते.

नवे कुलूप बसवताना चौकटीवरच्या पट्टीचे छिद्र ज्या कडेला घासल्याची चमक दिसते, त्या कडेने कानशीने दोन मिलिमीटर वाढवावे आणि मागच्या लाकडातली खाचही पटाशीने तेवढीच मोठी करावी. पट्टीची जागा पावसाळ्यात ठरवली असेल, तर उन्हाळ्यात ती पुन्हा तपासावी लागते, कारण तोवर लाकूड आणि जमीन दोन्ही आकसलेली असतात.