नवी गाडी घेताना: किंमत, विमा आणि कर्जाची बोलणी

शोरूममध्ये बसल्यावर थोड्याच वेळात प्रश्न येतो, “महिन्याला साधारण किती हप्ता जमेल?” या प्रश्नाचे उत्तर देऊ नका. एकदा आकडा तोंडातून गेला की पुढची सगळी बोलणी त्याच्याभोवती फिरतात. गाडीची किंमत, विमा, ॲक्सेसरीज, कर्जाची मुदत असे सगळे त्या हप्त्यात बसवून दाखवता येते आणि कशाचे किती गेले ते कळत नाही. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १६,६०७ रुपये येतो. तेच ७ वर्षांसाठी घेतले तर १२,८७१. हप्ता पावणेचार हजारांनी उतरला म्हणून बरे वाटते. पण एकूण व्याज १,९६,००० वरून २,८१,००० वर गेलेले असते.

म्हणून नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचे पैसे, विमा आणि कर्ज हे चार व्यवहार वेगळे धरा आणि वेगळेच बोला. शोरूमला या चारही ठिकाणी कमाई असते, त्यामुळे एकीकडे सोडलेले दुसरीकडून भरून काढणे त्यांना सोपे जाते.

हे पत्रक महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर, खासगी वापरासाठी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. आम्ही वाहनकर्ज आणि विम्याचे काम करतो. आमच्यामार्फत कर्ज किंवा विमा घेतला तर बँक किंवा विमा कंपनी आम्हालाही मोबदला देते. तेव्हा खाली सांगितलेली तपासणी आमच्या कोटेशनलाही लावा.

कोटेशन ओळीओळीने मागा

“ऑन-रोड, म्हणजे सगळे धरून, एवढे पडतील” हे कोटेशन नव्हे. शिक्क्यासह लेखी कागद घ्या आणि त्यात प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत असू द्या.

पहिली ओळ एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ कर आणि विमा धरण्याआधीच्या, किमतीची. जीएसटी तिच्यातच धरलेला असतो, वर वेगळा लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ५ टक्के जीएसटी आहे.

दुसरी ओळ आरटीओची, आणि हीच बहुतेकांनी न तपासलेली असते. व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली तर एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के होतात. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी पडतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्के, म्हणून व्यावसायिकांनी कोणाच्या नावावर घ्यायची ते आधी सीएंना विचारावे. कराशिवाय नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्ज असल्यास आरसीवर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५०० आणि किरकोळ रकमा. म्हणजे ९,२०,००० च्या पेट्रोल गाडीला कर १,०१,२०० आणि आरटीओचा सगळा आकडा १ लाख ५-६ हजारांच्या आसपास यायला हवा. कोटेशनमध्ये १,१५,००० लिहिले असतील तर वरचे कशाचे ते विचारा, आणि पासिंग झाल्यावर मूळ पावती मागून घ्या.

१० लाखांच्या सीमेवरच्या गाडीत आणखी एक हिशेब करावा लागतो. ९,९५,००० च्या गाडीला कर १,०९,४५० लागतो, १०,१५,००० च्या गाडीला १,२१,८००. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा करायचा प्राप्तिकर), म्हणजे १०,१५० रुपये. वरचे व्हेरिएंट २० हजारांनीच महाग दिसते, पण त्या दिवशी खिशातून ४२,५०० जास्त जातात. टीसीएस बुडत नाही. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करता येतो किंवा परत मिळतो. त्यासाठी बिलावर पॅन बरोबर आहे ना आणि रक्कम प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करजमेच्या नोंदीत (२६एएस) आली आहे ना, एवढे पाहा.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो, फॅसिलिटेशन अशा नावांच्या ओळी दिसल्या तर त्या खोडायला सांगा. त्यातली एकही सरकारी नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च हा विक्रेत्याच्या धंद्याचा खर्च आहे. “सगळेच घेतात” असे उत्तर आले तर त्याच नावाची पावती मागा. बऱ्याचदा रक्कम तिथेच निम्मी होते किंवा जाते.

सवलत कोणाच्या खिशातून येते

कंपनीची सवलत, एक्स्चेंज (जुनी गाडी दिल्याबद्दल) किंवा लॉयल्टी (त्याच कंपनीची गाडी पुन्हा घेतल्याबद्दल) बोनस आणि कॉर्पोरेट सवलत या तिन्ही वरून, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून येतात. कागद दाखवले की त्या मिळायलाच हव्यात, त्यासाठी घासाघीस करण्याचे कारण नाही. कॉर्पोरेटसाठी ओळखपत्र आणि पगाराची पावती जवळ ठेवा. शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांच्या वेगळ्या योजना असतात, त्या स्वतःहून विचारा. माजी सैनिकांनी सीएसडी, म्हणजे लष्कराच्या, कँटीनचा दर आधी पाहावा, तो पुष्कळदा या सगळ्यांपेक्षा बरा पडतो. खरी बोलणी चौथ्या सवलतीवर, म्हणजे डीलरने स्वतःच्या नफ्यातून सोडायच्या पैशांवर होतात. ही चारही नावे घेऊन आकडे मागितले की समोरचा माणूस नीट बोलू लागतो.

त्याच कंपनीच्या दोन-तीन शोरूमची कोटेशन घ्या. व्हेरिएंट, रंग, उत्पादनाचा महिना आणि डिलिव्हरीची तारीख सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर तुलना होत नाही. शेजारच्या जिल्ह्यातून घेतलेली गाडीही तुमच्या पत्त्यावर नोंदवता येते, त्यामुळे साताऱ्याच्या ग्राहकाने पुणे आणि कोल्हापूरचे भावही मागवावेत. “२५ हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट” यापेक्षा १५ हजार बिलातून कमी झालेले चांगले. ॲक्सेसरीजची छापील किंमत आणि डीलरची खरेदी यांत बरेच अंतर असते. शिवाय बाहेरून दिवे, हॉर्न बसवताना मूळ वायरिंग कापले तर त्या भागाची वॉरंटी जाऊ शकते.

महिन्याचे आणि तिमाहीचे शेवटचे आठ दिवस बोलणीला चांगले, कारण शोरूमला विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे असते. डिसेंबरात सवलती मोठ्या असतात, पण जानेवारीत ती गाडी आदल्या वर्षीची ठरते. आठ-दहा वर्षे वापरणार असाल तर हरकत नाही. तीन-चार वर्षांत विकायची असेल तर १५-२० हजारांसाठी वर्ष गमावू नका. प्रतीक्षायादी असलेल्या गाडीवर रोख सवलत मिळत नाही. तिथे आग्रह विमा बाहेरून घेण्याचा आणि हँडलिंग काढण्याचा धरा.

विमा

नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) सक्तीचा आहे. त्याचा दर ठरलेला असतो, त्यात कोणी सवलत देत नाही: २०२२ च्या अधिसूचनेनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १ वर्षाचा घेतला तरी चालतो. फरक पडतो तो या भागात आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा घेतलेल्या संरक्षणात. शोरूमचा विमाच घेतला पाहिजे अशी कोणतीही सक्ती नाही.

तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आधी जुळवा. नव्या गाडीची आयडीव्ही सहसा एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे ९,२०,००० ला ८,७४,०००. एखादे कोटेशन फारच स्वस्त दिसले तर आयडीव्ही खाली आणलेली नाही ना ते बघा. गाडी चोरीला गेली तर तेवढेच कमी मिळतील. झिरो डेप्रिसिएशन (भागांची घट न कापणारे ॲड-ऑन) घ्याच, कारण त्याशिवाय प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, आणि आजच्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो. “आमचा विमा घेतला तरच कॅशलेस (दुरुस्तीचे पैसे विमा कंपनी थेट वर्कशॉपला देते)” हे अर्धसत्य आहे. वर्कशॉपचा करार विमा कंपनीशी असतो, विमा कोणी विकला याच्याशी नाही. कंपनीच्या यादीत तुमचे वर्कशॉप आहे का तेवढे तपासा.

जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, नव्या गाडीला लावता येतो, सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत. विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या. ते ३ वर्षे चालते. शोरूममध्ये याची आठवण क्वचितच करून दिली जाते.

कर्ज

शोरूमला जाण्याआधी स्वतःच्या बँकेकडून लेखी दर घ्या. घेणार नसाल तरी घ्या. तो कागद हातात असला की शोरूममधल्या बँकेचा प्रतिनिधीही दर खाली आणतो. क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या कर्जफेडीची नोंद) वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून (सिबिलसारख्या) मोफत मिळतो. जुने बंद कर्ज चालू दाखवलेले असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. कोऱ्या अर्जावर सही करून देऊ नका. शोरूममधून तोच अर्ज चार-पाच बँकांना गेला की तेवढ्या चौकश्या तुमच्या रिपोर्टवर चढतात आणि स्कोअर खाली येतो.

दर सांगितला की “फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर?” हे विचारा. ५ टक्के फ्लॅट ऐकायला स्वस्त वाटते. पण फ्लॅटमध्ये व्याज पाचही वर्षे मूळ रकमेवर लागते: ८ लाखांना २ लाख व्याज, हप्ता १६,६६७. म्हणजे प्रत्यक्षात तो घटत्या शिल्लकीवरचा ९.१५ टक्के दर झाला. शेजारच्या बँकेचा ९ टक्के त्याहून स्वस्त आहे.

दरातल्या अर्ध्या टक्क्याचेही मोल जाणून घ्या. ८ लाखांवर ५ वर्षांत ९ आणि ९.५ टक्क्यांतला फरक साधारण ११,७०० रुपये आहे. म्हणून अर्धा टक्का कमी देणाऱ्या बँकेने प्रोसेसिंग फी, कागदपत्र शुल्क आणि कर्जाला जोडलेला जीवन विमा असे मिळून १५ हजार घेतले तर तुमचे नुकसान झाले. हा विमा बहुधा कर्जाच्या रकमेतच घालतात, मग त्यावरही व्याज चालू होते. तो ऐच्छिक असतो. नको असेल तर मंजुरीपत्रातून काढायला लावा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना याच आकड्याने करा. ते समजेल अशा भाषेत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, मराठीत मागा.

मुदतीआधी कर्ज फेडण्याचा विचार असेल तर दर फ्लोटिंग (मुदतीत बदलणारा) आहे का ते पाहा. खासगी वापरासाठीच्या फ्लोटिंग कर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. वाहनकर्जे मात्र बहुतेक स्थिर दराची असतात आणि त्यांना दंड असतो. तो किती, आणि पहिले किती महिने फेड करताच येत नाही, हे सहीआधी वाचा.

‘शून्य टक्के व्याज’ ही योजना घेतली की सहसा रोख सवलत सोडावी लागते. ५ लाख ३ वर्षांसाठी शून्य टक्क्यांनी घेतले तर ५ लाखच भरायचे. सवलत ५० हजारांची असेल आणि ती घेऊन ४.५ लाख ९ टक्क्यांनी काढले तर ५,१५,००० भरावे लागतील, म्हणजे योजना बरी. सवलत ७० हजारांची असेल तर ४.३ लाखांचे ४,९२,००० होतात आणि योजना महाग पडते. मोठी प्रोसेसिंग फी असेल तर उत्तर पुन्हा बदलेल, तीही मांडा.

जुनी गाडी

नव्या गाडीची किंमत लेखी ठरेपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नका. बाहेर दोन ठिकाणी भाव घ्या. शोरूमचा एक्स्चेंज बोनस आणि गाडीची किंमत वेगवेगळी लिहून मागा, नाहीतर बोनस दाखवून गाडीचा भाव पाडला जातो. गाडी सोपवताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्यांच्या प्रती ठेवा, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर ई-चलन तुमच्याच नावावर येते.

पैसे भरण्याआधी

गाडी पासिंगला जाण्याआधी आणि पूर्ण रक्कम देण्याआधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी पाहा. चेसिस क्रमांक लिहून घ्या आणि तोच बिलावर, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) व २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) वर आहे ना ते जुळवा. टायरवरचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. पाचही टायर पाहा. दारांच्या कडा, बॉनेटखालचे बोल्ट, छत यांवर पुन्हा रंग दिल्याच्या खुणा आहेत का ते बघा. एकदा नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणे जवळजवळ अशक्य असते.

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी न्यायची असेल तर नंबर प्लेट लागल्याशिवाय शोरूमला ती देता येत नाही हे लक्षात ठेवा. पैसे आणि कर्जवाटप किमान आठवडाभर आधी झालेले हवे. त्या दिवसाच्या गर्दीत पाहणी होत नाही, ती आधीच उरका. बुकिंगच्या पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्या: रद्द केल्यास किती कापणार, आणि मधल्या काळात किंमत वाढली तर कोणी सोसायची. दुसरी गोष्ट लिहिलेली नसेल तर डिलिव्हरीच्या दिवसाचीच किंमत लावतात.

शेवटचा हप्ता भरला तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरेलच असे नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन तीन महिन्यांच्या आत आरटीओत अर्ज करा. दाखल्याची मुदत संपली तर बँकेकडून पुन्हा नवा आणावा लागतो. नंतर विम्याच्या पॉलिसीवरूनही बँकेचे नाव काढून घ्या, कारण ते राहिले तर मोठ्या क्लेमची रक्कम अडकते.