डॉक्टरला घरदार नव्हतं?

रंकाळ्यावर जमणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला नायक डॉक्टर मुळात नात्यागोत्याविना, प्रेमबिम २००५ला मालिका पुन्हा सुरू झाल्यावर घुसवलं. नव्या भागांपासून मालिका बघणाऱ्याला तसं वाटणं साहजिक आहे. जुने बरेच भाग तर पुसलेच गेले. पण नोव्हेंबर १९६३चा पहिला भाग शाबूत आहे, तो लावा. डॉक्टरला आजोबा म्हणणारी सुझन, त्याची नात, तिथंच भेटते. मग १९६४ची ॲझ्टेक कथा बघा. डॉक्टर तिथल्या कॅमेका नावाच्या बाईला कोको करून देतो आणि तिथल्या रीतीनं तो लग्नाचा होकार ठरतो! निघताना तिनं दिलेलं पदक तो आधी ठेवून देतो, मग माघारी फिरून उचलतो. हा क्षण मला फार हळवा वाटतो. चुंबनही १९९६च्या टीव्हीपटात आहेच.