शेतीच्या प्रसाराचा जनुकीय पुरावा

शेती जिथे सुरू झाली तिथून ती इतरत्र कशी पोचली, याचा माग माणसे, पिके आणि जनावरे यांच्या डीएनएवरून काढण्याची अभ्यासपद्धती. मूळ वाद असा : शेतकरीच बियाणे बांधून नव्या मुलखात गेले, की शेजारच्यांचे पाहून तिथले लोक पेरू लागले? उत्खननात खापरे आणि जळके दाणे मिळतात, पण ते पेरणारा कुणाचा वंशज होता, हे खापर सांगत नाही.

1971 मध्ये जनुकशास्त्रज्ञ लुइगी लुका काव्हाली-स्फोर्झा आणि पुरातत्त्वज्ञ अल्बर्ट अमरमन यांनी युरोपात शेती वर्षाला सरासरी एक किलोमीटर सरकली, असा हिशेब मांडला. 1978 मध्ये रक्तगट वगैरेंचे नकाशेही निघाले. नकाशे देखणे होते, त्यांत शेतकरी पसरत गेल्यासारख्या लाटा दिसत. मात्र तशा लाटा त्या गणिती पद्धतीतूनच उमटू शकतात, हे 2008 मध्ये दाखवले गेले. खरा उलगडा जुन्या हाडांनी केला. कानालगतच्या कठीण हाडात डीएनए सर्वांत चांगला टिकतो. त्यावरून अनातोलियातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, शेतकरी सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी युरोपात शिरले आणि तिथल्या शिकाऱ्यांत हळूहळू मिसळले, हे स्पष्ट झाले. तिथे बियाण्याबरोबर माणसेही गेली.

भारतात हा हिशेब तसाच लागू होत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 61 नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा पुरेसा डीएनए हाती लागला. तिच्यात अनातोलियन शेतकऱ्यांचा अंश नाही. तिच्या पूर्वजांतला इराणी वळणाचा धागाही शेती सुरू होण्याआधीच वेगळा झालेला. म्हणून पश्चिमेकडून शेतकऱ्यांचे मोठे स्थलांतर न होता इथे शेती रुजली असावी, असे मांडले जाते. एका बाईच्या हाडावर किती भार टाकायचा, हा प्रश्न उरतोच.

उष्ण-दमट हवेत हाडांतला डीएनए लवकर नासतो. त्यामुळे कोल्हापूरसारख्या मुलखात माणसांपेक्षा पिकेच अधिक बोलकी ठरतात. तिथल्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 च्या उत्खननात सातवाहनकाळाचे थर लागले, पण तोवर दख्खनेत शेती चांगली जुनी झाली होती. त्यापेक्षा ताट पाहावे. भाकरीची ज्वारी मूळची सुदानकडची. शाहूवाडी-गगनबावड्याच्या वरकस जमिनीवरची नाचणीही आफ्रिकेचीच. तिचा रानटी पूर्वज तिथल्या डोंगराळ भागातला. ज्याचे माडगे करतात तो हुलगा मात्र दक्षिण भारतातला, नवाश्मयुगापासून इथे पिकणारा. एकाच ताटात दोन खंड, आणि ज्वारीमागून आफ्रिकेतून शेतकऱ्यांचे लोंढे आले असे काही दिसत नाही. बी हातोहात आले.

भाताची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. रानभाताचा दाणा पिकला की आपसूक गळतो. शेतातला लोंबीला धरून राहतो, म्हणून तर तो झोडपावा लागतो. या धरून राहण्यामागे मुख्यतः एसएच4 या जनुकातल्या डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल आहे. चीनमधल्या जॅपोनिका आणि आपल्या इंडिका, दोन्ही भातांत तो तोच सापडतो. इंडिकाचे बाकीचे जनुक मात्र वेगळ्या रानभाताकडे बोट दाखवतात. म्हणजे इथे आधीपासून हाताळल्या जाणाऱ्या भातात चीनकडच्या भाताचा संकर होऊन हा गुण आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

जनावरांचेही तसेच. वशिंडाचे खिलार बैल ज्या झेबू कुळातले, ते कुळ युरोपीय गायींपासून लाखो वर्षांपूर्वी फुटले. ते माणसाळले गेले ते सिंधू खोऱ्याकडे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पिळली जाणारी 50 गुणसूत्रांची म्हैसही याच उपखंडात माणसाळलेली. चीन-आग्नेय आशियातल्या दलदली म्हशीला 48 असतात. गंमत म्हणजे प्रौढपणी दूध पचवू देणारा जो जनुकीय बदल भारतात मुख्यत्वे आढळतो, तो युरोपातल्यासारखाच आणि एकाच उगमाचा आहे. वायव्येकडून दक्षिणेकडे येताना त्याचे प्रमाण घटत जाते. म्हैस इथली, तिचे दूध पचवण्याची सोय बाहेरून आलेली.