सांगलीची माती, जठरातला जिवाणू आणि विट्याची वाट

मागच्या महिन्यात माझे मेहुणे मिरजेला एंडोस्कोपी करून आले. कितीतरी दिवस बेंबीच्या वर जळजळायचं, रात्री दोनला उठून चार बिस्किटं खाल्ली की जरा बरं वाटायचं. घरात सगळ्यांचं एकमत झालेलं: तिखट फार खातात, त्यात शेताच्या वाटणीचं टेन्शन. रिपोर्टात मात्र तिखटाचं नाव नव्हतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर, आणि खाली एक ओळ: एच. पायलोरी पॉझिटिव्ह. चौदा दिवसांच्या गोळ्यांची पिशवी माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "दाजी, मला कसला जंतू? मी बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही."

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून घरातले असे प्रश्न माझ्याकडे येतात. तिखटाने आधीच असलेली जखम चुरचुरते, पण जखम करायचं काम तिखटाचं नाही. बहुतेक अल्सरची कारणं दोनच: हा जिवाणू, आणि दुखण्यावरच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचं पूर्ण नाव. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या जठरात तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तो शिरतो बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून. म्हणजे मेहुण्यांनी आज कुठलं पाणी प्यायलं याला अर्थ नाही. वाळव्याच्या जुन्या वाड्यात एका ताटात जेवणाऱ्या भावंडांत तो कधीच येऊन बसला असणार.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी हा जिवाणू पकडला. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जिवाणू वाढवायच्या प्लेटा नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच-सहा दिवस उबवणीत राहिल्या आणि म्हणूनच तो वाढलेला दिसला. आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणायचे. 1984 मध्ये मार्शलनी त्याचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मधल्या काळात, 1994 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जिवाणूला पहिल्या गटातल्या कर्ककारकांत टाकलं.

आम्लात तो जगतो कसा, हे गोठ्यात गेलेल्या कुणालाही समजेल. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकात जाणारा तो झणझणीत वास अमोनियाचा. जनावरांच्या मुतातल्या युरियाचा अमोनिया शेणामातीतले जिवाणू करतात, युरिएज नावाच्या एन्झाइमने. पायलोरी तेच एन्झाइम स्वतःच्या पोटात ठासून भरतो. जठरातला थोडासा युरिया आत घेतो, त्याचा अमोनिया करतो आणि त्या अमोनियाने आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. युरिया आत घेणारी झडप बाहेर आम्ल असेल तरच उघडते. नाहीतर स्वतःच केलेल्या अमोनियाने तोच मरेल.

आता त्या पिशवीतल्या गोळ्या. एक आम्ल कमी करणारी, बाकीची अँटिबायोटिक्स. ती बहुतेक आलेली मातीतून. क्लॅरिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनमध्ये थोडा फेरफार करून केलेलं, आणि एरिथ्रोमायसिन सापडलं फिलिपिन्सच्या मातीतल्या एका जिवाणूत. टेट्रासायक्लिन स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्याच घराण्याचं. याच घराण्यातल्या एका जिवाणूतून आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं गेलं, आणि त्या जिवाणूला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

स्ट्रेप्टोमायसिस तुम्ही पाहिला नसेल, पण त्याचा वास घेतला आहे. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर काळ्या रानातून जो वास उठतो, त्यातला मोठा वाटा या जिवाणूने केलेल्या जिओस्मिनचा. दरवर्षी जूनमध्ये मी मुलांना हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, माती आणायला पाठवतो. चिमूटभर माती पाण्यात पातळ करत जायची आणि प्लेटवर पसरायची. इतर जिवाणू दुसऱ्या दिवशी ओलसर, चकचकीत ठिपक्यांनी वर येतात. हा येतो पाचव्या-सहाव्या दिवशी. खडूच्या भुकटीसारखा, पांढरा नाहीतर राखाडी. तारेने उचलायला गेलं तर चामड्यासारखा चिवट, प्लेटमध्ये रुतून बसलेला. झाकण जरा कलतं केलं की प्रयोगशाळेत पाऊस पडल्याचा वास येतो.

औषधं मातीतली आहेत, ठीक. अडचण अशी की ती सरसकट मारतात. चौदा दिवसांत जठरातल्या एका जिवाणूपायी आतड्यातले कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूही झोडपले जातात. मेहुण्यांना पाचव्या दिवशी जुलाब लागले ते यामुळेच. शिवाय पायलोरी आता या औषधांना सरावत चाललाय. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे फार आहेत. म्हणजे हवं ते असं औषध, जे फक्त पायलोरीला मारेल. पण फक्त त्याचं असं काय आहे, जे मोडलं की बाकी कुणाचं बिघडणार नाही?

जपानमधले तोहरू दाइरी आणि त्यांचे सहकारी मातीतल्या जिवाणूंकडून या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचले. त्यांचं हे काम वाचल्यापासून मी ते दर वर्गाला सांगतो.

स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेलं हातोहात वर देतात. मधला एक माणूस गेला की खाली माल आहे, वर मिस्त्री आहे, पण स्लॅब थांबतो. पेशी अन्नातून ऊर्जा काढते तेव्हा इलेक्ट्रॉन असेच हातोहात पुढे जातात. आपल्या पेशीत या रांगेतला मधला माणूस युबिक्विनोन. पायलोरीकडे तो नाही. त्याच्या रांगेत फक्त मेनाक्विनोन. आपण त्याला जीवनसत्त्व के-2 म्हणतो. आपल्याला ते रक्त गोठण्यासाठी लागतं आणि अन्नातून मिळतं. आपल्या शरीरात ते मुळापासून बनवायचा कारखानाच नाही.

जिवाणू मेनाक्विनोन कसं करतात, हे ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवरच्या अभ्यासातून बरंच आधी कळलं होतं. कोरिस्मेट हा कच्चा माल, आणि मग मेन नावाच्या जनुकांची एन्झाइमं एकामागून एक. सगळे जिवाणू याच वाटेने जातात, असं पुस्तकात होतं. 2002 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. 7,825 जनुकं, आणि त्यांत मेनाक्विनोनच्या जुन्या वाटेची जनुकं सापडेनात! मेनाक्विनोन मात्र तो व्यवस्थित करत होता. 1997 मध्ये वाचलेल्या पायलोरीच्या जेमतेम 1,600 जनुकांतही तीच गत.

दाइरी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिसला खूण केलेलं ग्लुकोज खाऊ घातलं. म्हणजे ज्यात नेहमीच्या कार्बन-12 ऐवजी जरा जड असा कार्बन-13 बसवलाय असं. मग तयार मेनाक्विनोनमध्ये खुणेचे कार्बन कुठे जाऊन बसले ते तपासलं. जुन्या वाटेने ते जिथे बसायला हवेत तिथे ते नव्हते. घर तेच, पण विटा दुसऱ्याच क्रमाने रचलेल्या. मग जुन्या वाटेची जनुकं नसूनही मेनाक्विनोन करणारे जिवाणू निवडून त्यांच्यात सारखी असलेली आणि ई. कोलायमध्ये नसलेली जनुकं शोधली. ती एकेक मोडल्यावर ज्या टप्प्यावर काम अडलं तिथे साठलेला रेणू मिळाला. त्याचं नाव फ्युटालोसिन. 2008 मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं.

दोन्ही वाटांची सुरुवात कोरिस्मेटपासूनच. पण नव्या वाटेत त्याला आधी एक न्यूक्लिओसाइड जोडला जातो, म्हणजे डीएनएच्या अक्षरांसारखा साखर आणि बेस यांचा तुकडा. मग बेस तोडून टाकला जातो, राहिलेल्या साखरेच्या कार्बनांतून दुसरं कडं वळवलं जातं, आणि मधला रेणू तयार होतो तो 1,4-डायहायड्रॉक्सी-6-नॅफ्थोएट. जुन्या वाटेवर याच टप्प्यावर आम्लाचा गट सहाऐवजी दोन नंबरच्या जागेवर असतो. पायलोरीत बेस तोडण्याचा टप्पा स्ट्रेप्टोमायसिसपेक्षा किंचित वेगळा आहे. शेवटी दोन्हीकडे लांब शेपूट लागून तेच मेनाक्विनोन.

सांगलीहून पुण्याला जाणारे बहुतेक लोक पेठ नाका, कऱ्हाड, सातारा करत जातात. पण विटा, मायणी, दहिवडी, फलटण, लोणंद, जेजुरी अशीही वाट आहे. खंबाटकी घाट बंद झाला तर फलटणवाल्याला काही फरक पडत नाही, आणि लोणंदला रस्ता खणला तर साताऱ्यावरून जाणारा वेळेवर पोचतो. पायलोरी फलटणवाला आहे. ई. कोलाय साताऱ्यावरून जातो. दह्यातले लॅक्टोबॅसिलस मुळात आंबवण्यावरच जगतात, त्यांना पुण्याला जायचंच नसतं. आणि माणसाच्या पेशीत दोन्ही रस्ते नाहीत. फक्त लोणंदचा रस्ता खणता आला तर?

तो खणणारा रेणू शोधायची पद्धतही सरळ आहे. बॅसिलस या एकाच घराण्यातले दोन जिवाणू घ्यायचे, एक जुन्या वाटेचा, एक नव्या. मातीतल्या जिवाणूंचे अर्क दोघांवर टाकायचे. नव्या वाटेचा थांबला आणि जुन्या वाटेचा वाढत राहिला, तर तो अर्क बाजूला काढायचा. मग थांबलेल्याला आयतं मेनाक्विनोन द्यायचं. तो पुन्हा वाढू लागला, तर घाव नेमका त्या वाटेवर बसला होता. या चाळणीतून 2018 मध्ये बोरोमायसिन आणि अ‍ॅप्लास्मोमायसिन ही नावं पुढे आली. दोन्ही स्ट्रेप्टोमायसिसनेच केलेली, आणि दोन्हींच्या मधोमध बोरॉनचा एक अणू. बोरॉन म्हणजे कॅरमच्या बोर्डावर टाकतो त्या बोरिक पावडरीतलं मूलद्रव्य. सजीवाने बोरॉन बांधून रेणू करावा ही फार दुर्मीळ गोष्ट. हे रेणू अजून गोळी झालेले नाहीत. प्लेटमधून माणसाच्या पोटापर्यंत फार अंतर असतं.

ते अंतर आपल्याकडे लोक एका उडीत ओलांडतात. हळदीतलं कर्क्युमिन प्लेटमध्ये पायलोरीची वाढ रोखतं, हे खरं आहे. पण माणसांवर करून पाहिलं तेव्हा नुसत्या हळदीने जिवाणू गेला असं दिसलं नाही. सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, म्हणून तिच्या नावावर नसलेला गुण चिकटवू नये असं वाटतं. 'आतडं साफ करणाऱ्या' चूर्णांचंही तेच. आणि याहून वाईट म्हणजे खानापूर-जतकडे अजून ऐकू येतं ते, "पोटात कुणीतरी घातलंय." म्हणजे करणी. मग उतारा, मग पोटातून केस काढून दाखवणारा बाबा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या गोष्टींविरुद्ध आयुष्य वेचलं, त्यातलीच ही एक. रक्ताची उलटी होईपर्यंत बाबाकडे हेलपाटे घालणाऱ्या बाईच्या जठरात काय घातलेलं असतं, ते श्वासाच्या एका तपासणीत कळू शकतं. खूण केलेला युरिया प्यायला देतात, आणि जिवाणू असेल तर खुणेचा कार्बन उच्छ्वासात येतो.

मेहुण्यांनी गोळ्या पुऱ्या केल्या. महिन्याभराने त्यांची हीच तपासणी आहे.

यंदाची हरिपूरची माती आम्ही गेल्या मंगळवारी लावली. पायलोरी वाढवायची सोय आमच्याकडे नाही. त्याला पाच टक्के ऑक्सिजन लागतो आणि तो मुलांच्या हातात द्यायचा जिवाणूही नव्हे. आम्ही बॅसिलस सबटिलिस वापरतो, जुन्या वाटेचा. इतकी वर्षं मुलं ज्या ठिपक्याभोवती सबटिलिस मेलेला, स्वच्छ कडं पडलेलं दिसेल तो जपून ठेवायची आणि बाकीचे टाकून द्यायची. या वर्षी कडं न पडलेले अकरा ठिपकेही उचलून नळ्यांत तिरक्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, लावलेत आणि फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेत. नव्या वाटेचा बॅसिलस मिळाला की ते पुन्हा बाहेर काढायचे.