लाल न होणारा धातू

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फोर्जिंगवाल्याला पोलादाचं तापमान विचारावं लागत नाही. भट्टीतून रॉड बाहेर आला की रंग बघूनच तो हॅमरखाली धरायचा की परत आत सारायचा, हे त्याला कळतं. मॅग्नेशियम या नजरेला दाद देत नाही. ४०० अंश सेल्सियसला तापवलं तरी ते चांदीसारखंच दिसतं, आणि ६५० अंशांना वितळून जातं.

मग ते घडवायची एवढी उठाठेव कशाला? वजनासाठी. एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम फक्त १.७४.

पण ते वळायला तयार नसतं. जोंधळ्याचं पीठ गार पाण्यात मळलं तर भाकरी कडेनं चिरते. गार मॅग्नेशियम लाटलं तर पत्र्याच्याही कडा तशाच फाटतात. (दोन्हींवर उपाय उष्णतेचाच, कारणं मात्र वेगळी.) याचे अणू षटकोनी थरांत रचलेले असतात. पत्त्यांचा कॅट आडवा सहज सरकतो, वरून दाबून पातळ होत नाही, तसंच हे. त्यात लाटताना बहुतेक कणांचे (धातू ज्यांचा बनतो त्या बारीक स्फटिकांचे) थर पत्र्याला समांतर झोपतात, म्हणजे पुढचं वळवणं आणखी अवघड. साधारण २२५ अंशांपुढे थरांना इतर दिशांनीही सरकता येतं.

इथे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं कामी येतात: यट्रियम, गॅडोलिनियम, निओडिमियम, सिरियम. नावावर जाऊ नका, सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. यट्रियम, गॅडोलिनियमचे अणू मॅग्नेशियमच्या अणूपेक्षा मोठे. ते कणांच्या सीमांवर ठाण मांडतात. तापलेला धातू दाबला की जुन्या कणांच्या जागी नवे कण जन्मतात. सीमा अडल्यामुळे ते उशिरा जन्मतात, बारीक राहतात, आणि सगळे एकाच दिशेला झोपत नाहीत. असा पत्रा पुढे बराच जास्त वळतो. एवढ्यासाठी कधीकधी एक टक्क्याहूनही कमी मिश्रण पुरतं.

फुकट मात्र काही नाही. सीमा अडल्या की धातू दाबायलाही जड जातो. सुमारे ४ टक्के यट्रियम आणि ३ टक्के इतर दुर्मीळ मृदा असलेल्या डब्ल्यूई४३ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूला, दुर्मीळ मृदा नसलेल्या साध्या एझेड३१ मिश्रधातूपेक्षा जास्त ताप आणि जास्त जोर लागतो. मिश्रण आणखी वाढवलं तर कडक संयुगांचे खडे तयार होतात आणि चीर तिथूनच सुरू होते.

घाईही चालत नाही. हॅमरच्या दणक्यानं थरांना सरकायला वेळच मिळत नाही, म्हणून बहुतेकदा हायड्रॉलिक प्रेसनं सावकाश दाबतात. साचाही आधी तापवून घेतात. गार साच्याला टेकताच मॅग्नेशियमचा ताप उतरतो, आणि रंग तर आधीपासूनच काही सांगत नसतो.